बालवाडीला मुंगी, नववीला बिबट्या

ऑक्टोबरचा पहिला आठवडा जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. वन्यजीव सप्ताह तोंडावर असतो, शाळेला काहीतरी 'घ्यायचं' असतं, फोटो वर पाठवायचे असतात. मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, वाघाचं पीपीटी आहे ना तुमच्याकडे?" आहे. झकास आहे. पण ते मी सहसा काढत नाही. बालवाडी पुढे, दहावी मागे अशी अख्खी शाळा हॉलमध्ये बसवायची, तासाभरात वाघ, अन्नसाखळी, ओझोन आणि प्लॅस्टिकबंदी उरकायची आणि शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची, असं ज्यांना हवं असतं त्यांना मी दुसऱ्या कोणाचा तरी नंबर देते.

माझी अट एकच. एका वेळी एकच वर्ग, आणि तोही वर्गाबाहेर. त्यावर बरीच घासाघीस होते. "बाहेर साप निघाला तर?" हा हमखास येणारा मुद्दा. निघाला तर तासाचं सार्थक झालं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरून मी गमबूट, काठी, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस मिळते त्याचा नंबर दाखवते. मग सर जरा सैल पडतात.

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा, काही इंग्रजी माध्यमाच्या, आणि पुण्यातली दोन-तीन कॉलेजं असं माझं वर्षभराचं फिरणं. सकाळी चार वर्षांचं पोर बोट धरून चालतं आणि दुपारी वीस वर्षांचा बुलेटवाला हजेरीपुरता समोर बसतो, असेही दिवस येतात. वय वाढेल तशी माहितीची रास वाढवत न्यायची, असं अभ्यासक्रम लिहिणारे धरून चालतात. मला विचाराल तर वाढवायचा असतो तो पेच. चार वर्षांच्या पोरापुढे पेच ठेवायचाच नाही, नुसतं बघू द्यायचं. चौदाव्या वर्षी पेच ठेवला नाही तर ते पोर तुम्हाला खोटारडं समजतं, आणि बरोबरच समजतं.

बालवाडीचा तास वीस मिनिटांचा. त्याहून ताणला की कोणाला तरी शू लागते आणि मग सगळ्यांनाच लागते. भिंतीच्या कडेने चाललेली मुंग्यांची रांग शोधायची, गुळाचा खडा जवळ ठेवायचा आणि पोटावर झोपायचं. हो, झोपायचंच. बाई उभ्या राहिल्या की मुलं बाईंकडे बघतात. बाई जमिनीवर आडव्या झाल्या की मुंगीकडे. गुळाला रांग लागली की मी मधेच बोटाने जमिनीवर आडवी रेघ ओढते, दाबून, चांगली घासून. मुंग्या रेघेपाशी येऊन थबकतात. एक मागे वळते, एक भलतीकडेच जाते, दोघी मिशांना मिशा लावून उभ्या राहतात. मग एखादी धीट निघते, पलीकडे पोचते, आणि थोड्या वेळाने रांग परत जुळते. मुंग्या वासाच्या रस्त्याने चालतात आणि तो वास बोटाने पुसला गेला होता, एवढंच सांगायचं. बहुतेकदा तेही सांगावं लागत नाही. मंचरजवळच्या एका शाळेत एक मुलगी रेघेशी अडलेल्या मुंगीला ओरडून सांगायला लागली, "अगं इकडे, इकडे आहे गूळ!" आणि अख्खा वर्ग मुंग्यांना रस्ता दाखवायला लागला. त्यानंतर मी काही बोलण्याची गरजच उरली नाही.

या वयाला वाघ दाखवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्यांच्या लेखी वाघ, डायनासोर आणि राक्षस एकाच गावचे. आणि एक पथ्य मी कटाक्षाने पाळते: जंगलं संपत चाललीत, प्राणी नामशेष होताहेत, पृथ्वीला ताप आलाय, यातलं काहीही दहा वर्षांखालच्या मुलांपुढे काढायचं नाही. हल्ली पहिलीच्या स्नेहसंमेलनातही रडक्या पृथ्वीचे मुखवटे घालून पोरं नाचवतात. ज्याची अजून धड ओळख झालेली नाही, त्याच्या तेराव्याला कशाला बसवायचं त्यांना?

पाचवी-सहावीची मुलं ही वेगळीच जमात. त्यांना नावं हवी असतात, यादी हवी असते, 'माझे किती झाले, तुझे किती झाले' हवं असतं. या हावरटपणाचा मी पुरेपूर फायदा उठवते. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण ही त्यांची पाठांतराची यादी. त्यातलं शाळेच्या दोन किलोमीटरांत काय सापडतं ते शोधा म्हटलं की रविवारीही वही घेऊन फिरतात. साधनांबद्दल मात्र सांभाळून राहावं लागतं. दुर्बिणीतून लहानांना आपल्याच पापण्या दिसतात, म्हणून भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर नेलं की तिपाईवर एकच मोठी दुर्बीण लावून रोहित पक्ष्यांवर रोखून ठेवायची आणि रांग लावायची. भिंगाचं उलटं आहे. ते सगळ्यांना आवडतं, पण ऊन वर आल्यावर भिंगाने काय काय करता येतं हे सहावीच्या मुलाला शिकवावं लागत नाही. मुंगळे भाजण्याचे प्रयोग सुरू होतात. त्यावर मी प्रवचन देत नाही. नऊच्या आत भिंगं गोळा करते.

या वयाला मी आजवर जे काही शिकवलं त्यातलं सगळ्यात चांगलं कढीपत्त्याने शिकवलं. शाळेच्या परसबागेत तो असतोच, खिचडीसाठी लावलेला. त्याच्या पानावर एका मुलाला पक्ष्याची शी दिसली, आणि ती शी चालायला लागली. लिंबू फुलपाखराची ती लहान अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिचं रूपच तसं असतं. पानासकट अळ्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि रोज ताजी पानं आणायच्या पाळ्या लावल्या. मोठी झाल्यावर अळी हिरवीगार होते. काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि असा काही उग्र वास सोडते की पुढच्या बाकावरची मुलं नाक दाबून मागे सरतात. मग एक दिवस खाणं बंद करून ती काडीवर चढली, कमरेभोवती रेशमाचा धागा घेतला आणि कोष झाली. आठ-दहा दिवसांनी सकाळच्या परिपाठाच्या वेळी पहिलं फुलपाखरू बाहेर आलं. शाळेने टाळ्या वाजवल्या.

एका कोषातून मात्र काही येईना. तो तपकिरी पडला. आणि एका दुपारी त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून त्यातून चमकदार, जेमतेम तीळभर अशा कितीतरी माश्या बाहेर आल्या. गांधीलमाशीच्याच कुळातल्या. त्यांची मादी फुलपाखराच्या ताज्या कोषात अंडी घालते, पिल्लं आतून कोष खातात आणि फुलपाखराऐवजी तीच बाहेर पडतात. वर्ग हादरला. एक जण तर रडकुंडीला आला. त्या अळीच्या पानांची पाळी त्याची होती. "हिट आणू का?" असं दुसऱ्याने विचारलं. मी गप्प बसले. अशा वेळी मोठ्यांनी तोंड उघडलं की सगळं मातीत जातं. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "त्यांची आई पण पानापानावर शोधत आली असेल ना, आपल्यासारखी." आणि मागून एका शेतकऱ्याच्या पोराने विचारलं, "आमच्या उसाला खोडकिड्यासाठी कार्ड लावतात, त्यात हेच असतं का?"

तेच नसतं, पण त्याच धंद्यातलं असतं. ट्रायकोग्रामा नावाची याहूनही बारीक माशी त्या कार्डावर असते. ती किडीच्या अंड्यातच आपली अंडी घालते, म्हणून अळी निपजतच नाही. आणि फवारा मारला की किडीबरोबर हीही मरते. एवढं बोलणं झाल्यावर हिटचा विषय कोणी काढला नाही. परिसंस्था हा शब्द त्या तासाला मी एकदाही उच्चारला नव्हता.

नववीत कढीपत्ता घेऊन गेलं तर हसतात. त्यांच्यापुढचा विषय मला निवडावा लागत नाही, तो आधीच वर्गात येऊन बसलेला असतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, पाण्यामागे ऊस आला. बारा ते अठरा महिने उभं राहणारं दाट पीक, आत गारवा, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? उसातच जन्मलेली, डोंगर कधी न पाहिलेली बिबट्यांची पिढी या भागात कधीच मोठी झाली. ज्या तालुक्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत, तिथल्या शाळेत 'बिबट्या आपला मित्र' असं पोस्टर घेऊन जाणं मला निर्लज्जपणा वाटतो.

एका वर्गात मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "ताई, तुम्ही पाच वाजता गाडीत बसून जाणार. आम्ही रात्री मोटार चालू करायला जातो. लाइटच रात्रीची असते." याला काय उत्तर आहे? दिवसा वीज द्या, हे उत्तर. आणि ते माझ्या हातात नाही. मी तसंच सांगितलं आणि सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या: बिबट्या सगळ्यात जास्त काय खातो ते लिहा. बहुतेक चिठ्ठ्यांवर शेळी. मग बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेला अभ्यास सांगितला. खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबाने 39 टक्के. शेळ्या पुष्कळच मागे. वर्गात कुजबुज सुरू झाली, कोणाचा टॉमी गेला, कोणाचा वाघ्या.

"मग पकडून लांब सोडा की." हा पुढचा ठरलेला मुद्दा. ते याच भूमीत करून झालंय. 2001 पासून दोन-तीन वर्षांत कित्येक बिबटे पिंजऱ्यात धरून आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. त्या काळात ते 17 वर गेले. का, ते मी सांगत नाही, मुलांना विचारते. "अनोळखी गावात सोडल्यावर तो चवताळणारच." "त्याची जागा रिकामी झाली, तिथे दुसरा आला." "पिंजऱ्यात माणसं काठ्या मारतात, त्यामुळे." पहिली दोन उत्तरं तज्ज्ञांच्या तोंडीही ऐकलीत, तिसऱ्यावर वर्ग जरा गप्प झाला, कारण काठ्या कोणी मारल्या होत्या ते सगळ्यांना माहीत होतं. मग, माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवा. किती ठेवणार? मग, नसबंदी करा. मग, मारून टाका. मी सगळं फळ्यावर लिहिते, 'मारा' सुद्धा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काय म्हणतो, परवानगी कोण देऊ शकतो हे सांगते. माझं मत विचारलं तर देते, नाहीतर नाही.

त्यानंतर नकाशा. माझ्या लेखी या वयाचं खरं काम हेच. चार कार्डशीट जोडून गावाचा नकाशा काढायचा: ओढा, कालवा, उसाचे फड, कुठला विजेचा खांब चालू आणि कुठला बंद, कोणाचा गोठा बंदिस्त आणि कोणाचा उघडा, क्लासला जायची वाट, आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या कुठे टाकतात ती जागा. शेवटची खूण करताना जरा कुरबूर झाली, कारण पोल्ट्री कोणाची हे उघड होतं. मग बिबट्या दिसल्याच्या जागांवर लाल टिकल्या. कोंबड्या टाकायच्या जागेभोवती टिकल्यांची दाटी झाली. तिथे कुत्री जमतात, कुत्र्यांमागे तो येतो, हे कोणालाही सांगावं लागलं नाही. नकाशा ग्रामसभेत गेला. दोन दिवे लागले. कोंबड्या काही दिवस खड्ड्यात पुरल्या, मग परत ओढ्यात. वनखात्याचा 1926 हा नंबर शाळेच्या दारावर रंगवला, तो अजून आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा शेवटी म्हणाला, "नकाशा चांगलाय ताई. पण बिबट्या नकोच." त्याचं वाक्य त्याच्याच अक्षरात नकाशाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

कॉलेजबद्दल थोडक्यात. पर्यावरण हा विषय सक्तीचा करा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 1991 चा. पदवीला तो पेपर प्रत्यक्षात यायला बारा-एक वर्षं गेली, आणि आला तो प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट करण्याचा पेपर म्हणून. मी या मुलांना वेताळ टेकडीवर नेऊन मीटरभर लांब-रुंद सुतळीची चौकट हातात देते. एक चौकट गिरिपुष्पाखाली, एक उघड्या गवतात. आतल्या वनस्पती मोजा. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलेलं. त्याच्या सावलीतली यादी अर्ध्या पानात आटपते; गवतात बसलेला गट पान उलटून मागे लिहीत असतो. यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या वृक्षारोपणाला जाऊन फोटो काढून आलेले असतात, त्यामुळे इथे चेहरे बदलतात. चंडोल, धाविक हे पक्षी, लांडगा, चिंकारा यांना उघडं माळरानच लागतं, तिथे दाटीने झाडं लावली की त्यांचं घर जातं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य केलं, आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते. माळाची सरकारी नोंद बहुतेक ठिकाणी 'पड'. वाणिज्य शाखेचा एक मुलगा, जो तोवर मोबाइलमध्ये होता, मान वर करून म्हणाला, "पड लिहिलं की विकायला सोपं." त्याला मी पूर्ण मार्क दिले.

शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मला एकच अडचण दिसते. मुलाने किड्याचं नाव विचारलं आणि आपल्याला आलं नाही तर काय, ही धास्ती. त्या पायी ते मैदानावर जातच नाहीत. नाव नाही आलं तर तो काय खातो ते बघू या म्हणायचं, आणि बघायचं.

आता सगळ्यात अवघड वर्गाविषयी. दसरा झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. आईबाप पहाटे अंधारात तोडीला जातात, मागे मुलं राहतात. दीड वर्षाच्यापासून चौदा वर्षांपर्यंतची, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर कायम कोणीतरी. बिबट्याच्या सगळ्यात जवळ हीच मुलं राहतात, आणि वन्यजीव सप्ताह संपल्यानंतर ती येतात. तोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की काम थांबतं, वनखात्याची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी टोपल्यात ठेवतात आणि रात्रीतून आई त्यांना घेऊन जाते. हे यातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शेजारच्या शाळेतल्या मुलांनी पाहिलेलं नसतं.

इथे 'एका वेळी एकच वर्ग' ही माझी अट चालत नाही. मोठ्यांना बाजूला काढलं तर धाकटे मागे येतात. म्हणून दुपारी उन्हं कलली की सगळ्यांनी मिळून कोप्यांभोवती फेरी मारायची आणि ज्याला त्याला काम द्यायचं. बारक्यांनी फक्त ऐकायचं: कुत्री कुठे भुंकतात, टिटवी कुठे ओरडते. मधल्यांनी कालव्याच्या ओल्या चिखलात ठसे बघायचे. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत. हे कळल्यावर नऊ-दहा वर्षांची पोरं कालव्याचा काठ सोडायला तयार नसतात. मोठ्यांनी पाण्याला जायची आणि परसाकडची वाट सुतळीने आखायची.

परसाकडचा मुद्दा आला की माझी पंचाईत होते. खाली बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून अंधारात उघड्यावर एकटं बसू नका, असं पत्रकात छापलेलं असतं. कोपीवर संडास नसतो. मग कुठे बसू नका? मी हे मुकादमाला विचारलं, कारखान्याच्या माणसाला विचारलं. दोघांनीही मान हलवली. उपाय काढला तो एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीने. तिघींनी जायचं, दोघींनी बॅटरी घेऊन उभं राहायचं, पाठी एकमेकींकडे, आणि मोबाइलवर गाणं मोठ्याने. गाणं कोणतं यावर भांडण झालं, ते मिटायला ठशांच्या तासाहून जास्त वेळ लागला. शेवटी रोज एकीची पाळी ठरली.

टोळ्या निघण्याच्या आधीच, भाद्रपदात, त्यांच्या गावच्या शाळेत जायचं यंदा ठरवलंय. मुकादमाचा फोन आला होता. बाई, कोणती इयत्ता बसवू, किती पोरं लागतील? म्हटलं, इयत्ता राहू द्या. ज्यांच्या कडेवर लहान भावंड असतं त्या सगळ्यांना एका बाजूला बसवा, बाकीच्यांचं मी बघते.